‘स्वभाव तापट’

पशुवैद्याला विचारा

या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातली सहा घेतली आहेत. नावं मुद्दामच छापत नाही. चावऱ्या कुत्र्याचा मालक म्हणून ओळखलं जावं असं कुणाला वाटेल? आणि ज्यांनी ‘एका ओळीत उपाय सांगा’ असं लिहिलंय त्यांची माफी मागते. तेवढ्या आखूड ओळी मला जमत नाहीत.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शस्त्रक्रियेत मन रमत नाही. प्राण्यांचं वागणं, त्यांची मनःस्थिती यात काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, ‘म्हणजे कुत्र्यांना ऊठ-बस शिकवणार? त्यासाठी डॉक्टर कशाला व्हायचं?’ काय सांगू त्यांना?

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना एका दाढेची गोष्ट सांग.

मी प्रॅक्टिस सुरू करून सहा वर्षं झाली होती. शेरू नावाचा एक लॅब्रॅडॉर यायचा. तक्रार अशी की गळ्यात पट्टा घालायला गेलं की अंगावर येतो, आधी असा नव्हता. मी ताप पाहिला, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं. तोंड काही उघडू देईना. दोघांनी धरलं तरी देईना. बाहेर अकराजण खोळंबलेले. मी कार्डावर लिहिलं ‘स्वभाव तापट’ आणि त्याला एका प्रशिक्षकाकडे धाडून दिलं.

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका पशुवैद्याने भूल देऊन त्याच्या जबड्याचा एक्स-रे काढला. वरच्या उजव्या बाजूची मोठी दाढ, जिने कुत्रा हाड फोडतो ती, उभी चिरली होती आणि मुळाशी पू साचला होता. कडक हाडं चघळणाऱ्या कुत्र्यांची हीच दाढ फुटते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेले होते. पट्टा डोक्यावरून ओढताना नेमका त्या गालाला घासून जायचा. दाढ काढली. तीन आठवड्यांत शेरू पट्टा दिसला की शेपूट हलवायला लागला. मालकांनी ती दाढ कागदाच्या पुडीत बांधून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. बाहेरच्या बाजूची कपची सुटून वेगळी झाली होती. जिथून सुटली तिथे मधोमध काळा ठिपका होता. ती नसेची वाट, आठ महिने उघडी पडलेली.

‘तोंड उघडू देत नाही’ हेच लक्षण होतं आणि मी त्याला तपासणीतला अडथळा समजले. त्या पुडीनंतर मी या विषयाकडे वळले.

तेव्हा घरी सांग की ऊठ-बस शिकवायला चांगला प्रशिक्षक पुरतो, आणि तो ते माझ्यापेक्षा सरस शिकवतो. पण चिरलेली दाढ, सुजलेला सांधा, मंदावलेली थायरॉइड, मेंदूतली गाठ तो शोधू शकत नाही. औषधही लिहून देऊ शकत नाही. डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांचा आढावा घेतला. हात राखून केलेल्या अंदाजानेही साधारण एक तृतीयांश प्राण्यांमध्ये कुठलं तरी दुखणं सापडतं. काही ठिकाणी हा आकडा ऐंशी टक्क्यांच्या जवळ जातो.

आता वाट कशी आहे ते. पदवी पूर्ण कर, शस्त्रक्रियेसकट. ती आवडत नाही म्हणून इकडे येणार असशील तर जरा थांब, कारण तिथलं शरीरशास्त्र इथे रोज लागतं. मग दोन-तीन वर्षं सर्वसाधारण दवाखान्यात घाल: लशी, जुलाब, मोडलेले पाय. निरोगी प्राण्याचं नेहमीचं वागणं हजारदा पाहिल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही. त्यानंतर विशेष शिक्षण. अमेरिकेत पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांचं स्वतंत्र महाविद्यालय 1993 साली स्थापन झालं. युरोपात प्राणिकल्याण आणि वर्तनवैद्यक मिळून एक आहे. ‘महाविद्यालय’ म्हणजे इमारत नव्हे, परीक्षा घेऊन मान्यता देणारी तज्ज्ञांची संस्था. जाणत्या तज्ज्ञाच्या हाताखाली साधारण तीन वर्षं काम करायचं, केसेस लिहायच्या, संशोधन छापून आणायचं आणि मग परीक्षा.

वाचनाची सुरुवात 1973च्या वैद्यकाच्या नोबेलपासून कर. ते कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या तिघांना प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी मिळालं. पावलोव्ह तर वाचशीलच. त्याला 1904चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या कामासाठी. खाण्याची चाहूल लागताच लाळ गाळणारी त्याची प्रसिद्ध कुत्री मुळात पोटाच्या अभ्यासासाठीच पाळली होती.

आणि रोजचं काम? पहिली भेट दीड-दोन तासांची. त्यातली पहिली चाळीस मिनिटं मी प्राण्याला हात लावत नाही. जमिनीवर तिरकी बसते, त्याला खोली हुंगू देते आणि माणसांना विचारत राहते: तो कुठे झोपतो, कोण आल्यावर उठतो, गेल्या वेळी नेमकं काय झालं, त्याच्या आधीच्या मिनिटाला काय झालं. नवरा एक सांगतो, बायको दुसरं, आणि कोपऱ्यातली दहा वर्षांची मुलगी तिसरं. बहुतेक वेळा मुलगी बरोबर असते. ‘मला प्राणी आवडतात, माणसं नाहीत’ म्हणून इकडे यायचा विचार असेल तर येऊ नकोस. कधी कधी सगळं करूनही घर सुरक्षित राहत नाही आणि कुत्र्याला शांतपणे कायमचं झोपवण्याचा निर्णय त्या कुटुंबाबरोबर बसून घ्यावा लागतो. शरीराने धडधाकट प्राण्याच्या बाबतीत तो निर्णय किती जड असतो, हे मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न : आमचा ब्रूनो आठ वर्षांचा. चार वर्षांची मुलगी मिठी मारायला गेली की गुरगुरायचा. प्रशिक्षकाने सांगितलं, ‘तो घरचा म्होरक्या होऊ बघतोय, त्याला उताणा पाडून दाबून धरा.’ तसं केल्यावर गुरगुरणं थांबलं. पण मागच्या आठवड्यात काही कारण नसताना त्याने मुलीच्या गालाला दात लावले. सोबत पूर्वीचा एक व्हिडिओ पाठवत आहे.

आधी आजचं काम. दारात आडवं लाकडी फाटक बसवा. तुम्ही हाताच्या अंतरावर नसाल तर मुलगी आणि ब्रूनो एका खोलीत नकोत, दोन मिनिटांसाठीसुद्धा. पुढचं मग वाचा.

व्हिडिओ सोळा सेकंदांचा आहे. मी तो वीसेक वेळा पाहिला, शेवटी आवाज बंद करून. तिसऱ्या सेकंदाला मुलगी सोफ्यावर चढते आणि ब्रूनो तोंड मिटतो. तोवर जीभ सैल सोडून धापत होता. पाचव्याला ती गळ्यात हात टाकते. तो मान फिरवतो, जिभेचं टोक एकदा नाकावरून जातं. सातव्याला जांभई येते, ती झोपेची नव्हे. नवव्याला डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, अंग ताठ होतं, शेपटीचं टोकही थांबतं. गुरगुर येते ती अकराव्या सेकंदाला. तोवर त्याने त्याच्या भाषेत पाच-सहा वेळा ‘नको’ म्हटलंय आणि मागून कुणीतरी हसतंय, ‘अगंबाई, किती गोड!’ तुम्हाला दोष देत नाही. मुलगी खरंच गोड आहे.

गुरगुरणं ही तुमच्या घरातली धोक्याची घंटा होती. उताणा पाडून तुम्ही घंटेची तार तोडलीत, मिठीचा त्रास होता तिथेच राहिला. म्हणून या वेळी तो न सांगता चावला. ‘काही कारण नसताना’ हे मी मान्य करणार नाही.

त्या ‘म्होरक्या’चं कूळही सांगते. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरचं निरीक्षण छापलं. कोंडलेल्या कळपातल्या मारामाऱ्यांवरून ‘सगळ्यांना दाबणारा एक पुढारी’ हे चित्र तयार झालं. ते पुढे पसरवण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 साली जंगलातल्या लांडग्यांवर लिहून ते खोडलं. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पुढारी म्हणजे आईबाप. आणि लांडग्यांचं काहीही असो, ब्रूनो कुत्रा आहे.

आता माझा खरा संशय. व्हिडिओत तो सोफ्यावर एकाच कुल्ल्यावर बसलाय, डावा मागचा पाय बाहेर काढून. नुसती सवयही असेल, पण आठ वर्षांच्या कुत्र्याचा तो पाय मला तपासून हवा. सकाळी उठताना पहिली चार पावलं आखडलेली असतात का? जिना चढताना आधी थबकतो का? मिठी मारताना मुलीचं वजन त्याच्या कमरेवर येतं का? पशुवैद्याकडून कंबर, खुबे आणि गुडघे बघून घ्या, गरज पडली तर एक्स-रे काढा. पुष्कळदा आम्ही काही आठवडे वेदनाशामक देऊन पाहतो. वागणं निवळलं तर उत्तर मिळालं. मात्र घरातली माणसांची गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते.

दुखणं निस्तरल्यावर शिकवणं. मुलगी फाटकापलीकडे, लांब दिसली की लगेच त्याच्या पुढ्यात आवडीचा तुकडा पडायचा. ती दिसेनाशी झाली की तुकडे बंद. अंतर दिवसांनी नाही, आठवड्यांनी कमी करायचं. वर जी जीभ, जांभई, कोर सांगितली त्यातलं काही दिसलं की दोन पावलं मागे. आणि मधल्या काळात तो परत गुरगुरला तर रागावू नका, मुलीला शांतपणे बाजूला घ्या. तो परत बोलायला लागलाय एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : घर बदलल्यापासून आमचा बोका माझ्या अंथरुणावर लघवी करतो. रागावले तर माझ्याकडे रोखून बघतो. हा सूड आहे का?

सूड नाही. रोखून बघतो कारण तुम्ही ओरडताय.

आधी एक तातडीचं. तो त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत वारंवार बसतो, कुंथतो आणि लघवीचा थेंबही येत नाही असं दिसलं तर हा अंक बाजूला टाका आणि दवाखाना गाठा, रात्र असली तरी. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

तसं नसेल तर लघवी तपासून घ्या, सोनोग्राफी करा. खडे नाहीत, जंतू नाहीत आणि तरी मूत्राशय सुजलेलं, असं पुष्कळदा निघतं. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांच्या गटाने अशा मांजरांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं एक निरीक्षण मी प्रत्येक मांजरवाल्याला सांगते. नेहमीचा माणूस, नेहमीची वेळ यांत बदल झाला की आजारी मांजरांबरोबर निरोगी मांजरंही उलट्या करू लागली, खाणं कमी करू लागली, पेटीबाहेर लघवी करू लागली. वेळापत्रकाच्या बदलाला घर बदलणं मिळवा. त्याच्या लेखी ओळखीचा एकच मऊ वास उरलाय, तो तुमच्या अंथरुणाचा.

आता पेटी. मांजरं जितकी, त्याहून एक पेटी जास्त, म्हणजे तुमच्याकडे दोन, दोन वेगवेगळ्या जागी. झाकण नको, सुगंधी वाळू नको. तुम्ही लिहिलंय की पेटी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवली आहे. तो आत बसलेला असताना ते एकदा पिळायला लागलं की पुरे, परत त्या कोपऱ्यात तो का जाईल? ती आजच हलवा. अंथरूण एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, अमोनियाच्या फिनाइलने नको, त्याचा वास त्याला लघवीसारखाच येतो. उंचावर बसायला एक फळी द्या आणि खाण्याची वेळ पाळा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. तुमचं सदर वाचतो. पण ‘कुत्र्याला वाईट वाटतं’, ‘गाय उदास आहे’ हे आपण माणसाचे कपडे जनावराला चढवणं नाही का? विज्ञानात हे बसतं का?

सर, शंका घेतलीत ते बरं केलंत. कपडे चढवले जातात हे खरं, वरच्या पत्रातला ‘सूड’ त्यातलाच. पण कपडे नकोत म्हणून अंगच नाही म्हणायचं, हेही बरोबर नाही.

मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी 1990च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या. अक्षरशः, बोटांनी, मानेवर आणि पोटावर. माणसाला सुमारे 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लावलं. उंदरांची पिल्लं 50 किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवत होती, आपसात खेळताना काढतात तोच आवाज. हात काढून घेतला की ती हाताच्या मागे पळायची. भीतीत हेच उंदीर 22 किलोहर्ट्झला लांबट, एकसुरी आवाज काढतात. याला हसणं म्हणायचं की नाही यावर वाद घाला, मीही घालते. पण हवंसं आणि नकोसं हे दोन्ही त्यांच्यात आहे आणि ते मोजता येतं.

कायद्याच्या अंगानेही विषय बराच पुढे आलाय. ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीने 1965 साली शेतीतल्या जनावरांसाठी मागितलं ते एवढंच: उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत. इतकं साधं मागावं लागलं यावरून बंदिस्त गोठ्यांची आणि पिंजऱ्यांची कल्पना यावी. न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर यांनी 1994 साली सहकाऱ्याबरोबर आखलेल्या चौकटीत आहार, परिसर, आरोग्य, वागणूक यांच्यानंतर पाचवा रकाना प्राण्याच्या मनाचा आहे. पहिले चार जिथे येऊन मिळतात तो. मी गोठा पाहायला जाते तेव्हा ‘गाय उदास आहे’ असं लिहीत नाही. किती गाई आडव्या पडून रवंथ करतायत, माणूस जवळ गेला की किती मागे सरतात, किती लंगडतात, हे मोजून लिहिते. ‘उदास’ हा शब्द घरी येऊन वापरते.

प्रश्न : आम्ही बाहेर गेलो की कुत्री दार कुरतडते, परत आलो की कान पाडून बसते. म्हणजे चूक कळते ना तिला?

कळते ती तुमची मुद्रा. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर प्रयोग केला. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्लाय की नाही याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध लागेना. मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि काहीच न केलेल्या कुत्र्यांचा उलट जास्त पडायचा.

उद्या निघताना फोन चालू करून कपाटावर ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात लाळ, फेऱ्या, दाराशीच झटापट दिसली तर हा कंटाळा नव्हे, एकटेपणाची धास्ती आहे. त्यावर एकटं राहण्याची अगदी सेकंदांपासून सवय लावावी लागते, आणि बऱ्याच कुत्र्यांना औषधाचीही मदत लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत क्लोमिप्रामिन 1998 साली आणि फ्लुओक्सेटिन 2007 साली कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मंजूर झालं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका, आणि मात्रा पशुवैद्याकडूनच घ्या.

प्रश्न : पोपट स्वतःची पिसं उपटतो. कंटाळला असेल का? फोटो पाठवला आहे.

असेल, पण फोटो फक्त छातीचा आहे. त्याच्या डोक्याचाही काढून पाठवा. डोक्यावरची पिसं शाबूत असतील तर उपटणारा तोच आहे, कारण तेवढीच जागा त्याच्या चोचीला पोहोचत नाही. तिथेही टक्कल असेल तर कंटाळ्याचं नंतर बघू. पिंजऱ्यात दुसरा कुणी आहे का ते कळवा आणि त्वचा व रक्त तपासून घ्या.